उंबरठ्यावरचें राष्ट्र

एखाद्या जुन्या मंडळांत नवा सभासद घ्यावयाचा झाला म्हणजे जुन्या सभासदांना एकाएकीं आपल्या परंपरेची आठवण होते, हा अनुभव बहुतेकांच्या गांठीं असेल. एरव्हीं वर्गणी वेळेवर भरली जात नाहीं, सभेला गणपूर्ति होत नाहीं, मंडळाच्या उद्देशपत्रिकेवर धूळ बसलेली असते. परंतु दाराशीं कोणी अर्ज घेऊन उभा राहिला कीं ‘आपण कोण आहों’ हा प्रश्न निघतो, आणि गंमत अशी कीं, त्याचें उत्तर अर्जदारानें द्यावें अशी अपेक्षा केली जाते. ग्रंथसंग्रहालयाच्या किंवा गृहसंस्थेच्या बाबतींत हें नाटक आठपंधरा दिवसांत संपतें. राष्ट्रांच्या बाबतींत तें पिढ्या दोन पिढ्या चालतें, आणि त्याची किंमत लोकांना आपल्या देशाच्या नांवानें, ध्वजानें, आणि कधीं कधीं आपल्या पूर्वजांच्या नात्यानें मोजावी लागते. युरोपीय संघांत नवीं राष्ट्रें घेण्यासंबंधीं गेलीं साठ वर्षें जो वाद चालला आहे, तो आम्ही बरींच वर्षें कुतूहलानें वाचीत आलों आहों. आणि आमचें कुतूहल अलीकडे एका लहानशा देशापाशीं येऊन थांबलें आहे. तो देश म्हणजे उत्तर मॅसिडोनिया. त्याच्याकडे वळण्यापूर्वीं हा दरवाजा कोणी आणि कसा बांधला, तें थोडक्यांत पाहणें इष्ट होईल.

२५ मार्च १९५७ रोजीं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनीं रोम येथें जो करार केला, त्यांत नव्या सभासदाविषयीं एक साधें कलम होतें. कोणत्याही युरोपीय राष्ट्रास अर्ज करतां येईल, असा त्याचा आशय. ‘युरोपीय’ म्हणजे काय, याचा खुलासा मात्र करारांत कोठेंच नव्हता. पुढें १९९३ च्या जून महिन्यांत कोपनहेगन येथें भरलेल्या राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेनें प्रवेशाच्या कसोट्या ठरविल्या. लोकशाही, कायद्याचें राज्य, मानवी हक्क व अल्पसंख्यांचें संरक्षण यांची हमी देणाऱ्या स्थिर संस्था. स्पर्धेंत टिकाव धरील अशी बाजारपेठेची अर्थव्यवस्था. आणि संघाचे कायदे व जबाबदाऱ्या पेलण्याचें सामर्थ्य. धर्म, वंश, भाषा, पूर्वज यांपैकीं एकही शब्द या कसोट्यांत नाहीं. आमच्या मतें ही यादी शहाण्या माणसांनीं केलेली आहे. तुम्ही कसे वागाल एवढेंच ती विचारते. तुम्ही कोण आहां हें विचारीत नाहीं.

परंतु या दाराला दुसरी एक कडी आहे. नव्या राष्ट्राच्या प्रवेशास प्रत्येक जुन्या सभासदाची संमति लागते, आणि ती शेवटीं एकदांच नव्हे, तर वाटाघाटींच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर लागते. सत्तावीस माना हलाव्या लागतात; एक हलली नाहीं कीं काम थांबलें. ज्या गोष्टींना यादींत जागा नाहीं, त्या साऱ्या या कडीवाटे आंत शिरतात.

संस्कृतीचा मुद्दा प्रथम गाजला तो परधर्मी राष्ट्राविरुद्ध नव्हे, इंग्लंडविरुद्ध. १४ जानेवारी १९६३ रोजीं जनरल द गॉल यांनीं पत्रकारांसमोर इंग्लंडचा अर्ज मोडीत काढला, तेव्हां त्यांच्या बोलण्याचा भर असा होता कीं, इंग्लंड हें बेट आहे, दर्यावर्दी आहे, दूरदूरच्या देशांशीं त्याचे संबंध गुंतलेले आहेत, आणि त्याच्या संवयी व परंपरा फार निराळ्या आहेत. १९६७ सालीं त्यांनीं पुन्हां नकार दिला. १९७३ मध्यें इंग्लंड आंत आलें, २०१६ च्या सार्वमतानंतर ३१ जानेवारी २०२० रोजीं बाहेर पडलें, आणि द गॉल द्रष्टे होते असें पुष्कळ जण म्हणूं लागले. आम्हांला हें मत पटत नाहीं. आयर्लंडही बेटच आहे, तें इंग्लंडबरोबर त्याच दिवशीं आंत आलें आणि अद्याप आंत आहे. माल्टा व सायप्रस हींही बेटेंच. बेट असणें हा स्वभाव नव्हे. आणि स्वभाव असला तरी त्यावरून माणूस पुढें काय करील याचें भविष्य सांगतां येत नाहीं.

ग्रीसच्या वेळीं हीच संस्कृति कडीऐवजीं किल्ली झाली. तेथील लष्करशाही १९७४ मध्यें कोसळली आणि पुढच्याच वर्षीं ग्रीसनें अर्ज केला. संघाच्या आयोगानें १९७६ च्या जानेवारींत दिलेला अभिप्राय सावधपणाचा होता. अर्थव्यवस्था दुबळी आहे, तुर्कस्तानशीं असलेलें भांडण घरांत येईल, अशी त्याची चिंता. मंत्र्यांनीं ती बाजूस सारली. लोकशाहीचें माहेर ज्या भूमींत, तिलाच दार कसें लावावें, ही भावना हिशेबापेक्षां प्रबळ ठरली, आणि १ जानेवारी १९८१ रोजीं ग्रीस सभासद झाला. ही भावना उदात्त होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्या मापानें एकाला केवळ पूर्वजांसाठीं आंत घेतलें, त्याच मापानें दुसऱ्याला पूर्वजांसाठीं बाहेर ठेवण्याची सोय त्या दिवशीं झाली.

तो दुसरा म्हणजे तुर्कस्तान. त्याच्याशीं सहकार्याचा करार अंकारा येथें १९६३ सालींच झाला होता. १९८७ मध्यें त्यानें सभासदत्वासाठीं रीतसर अर्ज केला. त्याच वर्षीं मोरोक्कोनेंही विचारून पाहिलें. तुम्ही युरोपांत नाहीं, या एका कारणावर त्याला नकार मिळाला. तुर्कस्तानला मात्र तसें सांगण्यांत आलें नाहीं. १९९९ मध्यें तो उमेदवार ठरला व ३ ऑक्टोबर २००५ रोजीं वाटाघाटी सुरू झाल्या. मधल्या काळांत, २००२ च्या नोव्हेंबरांत, फ्रान्सचे माजी अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनीं उघडपणें म्हटलें कीं, तुर्कस्तानची राजधानी युरोपांत नाहीं, त्याची बहुसंख्य प्रजा युरोपाबाहेर राहते, आणि त्याचा प्रवेश म्हणजे युरोपीय संघाचा शेवट होय. हे गृहस्थ त्या वेळीं संघाची भावी घटना तयार करणाऱ्या सभेचे अध्यक्ष होते. ज्यानें नकाशा उघडून पाहिला असेल त्याला एक गोष्ट जाणवेल. २००४ मध्यें जो सायप्रस संघांत आला, त्याची राजधानी निकोसिया ही अंकाऱ्याच्या किंचित् पूर्वेलाच आहे. तेव्हां भूगोल हें निमित्त होतें. मनांतली गोष्ट निराळी होती.

त्या मनांतल्या गोष्टीला नांव देण्याचा प्रसंगही त्याच सभेंत आला. घटनेच्या प्रस्तावनेंत ख्रिस्ती धर्माचा नामनिर्देश असावा, असा पोप दुसरे जॉन पॉल यांचा आग्रह होता आणि पोलंड, इटली वगैरे देशांचा त्यास पाठिंबा होता. फ्रान्सला तें मान्य नव्हतें. अखेर युरोपचा ‘सांस्कृतिक, धार्मिक व मानवतावादी वारसा’ एवढ्या मोघम शब्दांवर तडजोड झाली. ती घटना २००५ मध्यें फ्रेंच व डच मतदारांनीं फेटाळली, तरी हे शब्द लिस्बनच्या करारांत शिरून आजवर कायम आहेत. थोडक्यांत सांगावयाचें तर, घरांतल्या मंडळींनाच आपली ओळख एका वाक्यांत लिहितां आली नाहीं. बाहेरच्याला मात्र ती ओळख आपल्या ओळखीशीं जुळते कीं नाहीं, याचा जाब द्यावा लागतो.

तुर्कस्तानच्या कारभारांतले दोष आम्ही झांकीत नाहीं. तेथील न्यायालयांचें स्वातंत्र्य, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी, सायप्रसच्या उत्तर भागांत ठाण मांडून बसलेलें सैन्य, हे सारे आक्षेप खरे आहेत आणि २०१८ पासून वाटाघाटी ठप्प आहेत त्यास ते पुरेसें कारण आहे. पण हे वर्तनाचे दोष आहेत. वर्तन सुधारतां येतें. जेव्हां ‘तुम्ही असे वागतां’ या आक्षेपांत ‘तुम्ही असेच आहां’ हा आक्षेप मिसळला जातो, तेव्हां सुधारूं पाहणाऱ्याच्या हातचें साधनच काढून घेतलें जातें. सुधारूनही दार उघडणार नसेल, तर सुधारावें कशाला, असें म्हणणारा मग त्या देशांत शहाणा ठरतो.

आतां आमच्या मूळ विषयाकडे येऊं. तुर्कस्तान मोठा, जुन्या साम्राज्याचा वारस. त्याला अपमान सोसण्याची ताकद आहे. मॅसिडोनियाची लोकसंख्या वीस लाखांच्याही खालीं. जुन्या तुर्की साम्राज्यांतला मॅसिडोनिया हा प्रांत १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत ग्रीस, सर्बिया व बल्गेरिया यांनीं वांटून घेतला. सर्बियाच्या वांट्याला आलेला तुकडा पुढें युगोस्लाव्हियांतलें एक घटक राज्य झाला आणि १९९१ मध्यें सार्वमत घेऊन स्वतंत्र झाला. त्यानें ‘मॅसिडोनिया’ हें नांव धारण केलें मात्र, ग्रीसनें हरकत घेतली. आमच्या उत्तरेच्या प्रांताचें नांव तेंच आहे, अलेक्झांडर आमचा आहे, आणि आज नांव नेणारे उद्यां भूमि मागतील, ही ग्रीसची भीति. १९९३ मध्यें या देशाला संयुक्त राष्ट्रांत घेतलें तें ‘माजी युगोस्लाव प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशा तात्पुरत्या संबोधनानें, आणि इंग्रजी वर्णानुक्रमांत तें कोणत्या अक्षराखालीं बसवावें याचाही घोळ होऊन अखेर त्याची खुर्ची थायलंडशेजारीं मांडण्यांत आली. १९९४ मध्यें ग्रीसनें त्याची व्यापारी नाकेबंदी केली. १९९५ मध्यें त्यानें ध्वज बदलला. प्राचीन मॅसिडोनियाच्या राजकुळाचा मानला जाणारा सोळा किरणांचा सूर्य काढून आठ किरणांचा सूर्य घेतला.

ग्रीसची भीति केवळ कांगावा होती, असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या राष्ट्राच्या उत्तर सीमेवर एका आयुष्यांत दोन महायुद्धें आणि एक यादवी होऊन गेली, त्याला नकाशावरचें नांव हें नुसतें नांव वाटत नाहीं. उलट स्कोप्येच्या राज्यकर्त्यांनींही आगींत तेल ओतलें. विमानतळाला अलेक्झांडरचें नांव दिलें; २०११ मध्यें राजधानीच्या मुख्य चौकांत घोड्यावर बसलेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभारला आणि तो कोणाचा, हें न सांगतां सर्वांना कळेल अशी व्यवस्था केली. स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या लोकांनीं प्राचीन ग्रीकभाषी सम्राटाचा वारसा सांगावा, यांत इतिहासापेक्षां दुखावलेला अभिमान अधिक होता. ज्याला सतत ‘तूं कोण’ म्हणून विचारलें जातें, तो कधीं कधीं नसलेले आजोबा उभे करतो. हा मानवी स्वभाव आहे.

या भांडणाचा शेवट २०१८ च्या १७ जून रोजीं प्रेस्पा सरोवराच्या कांठीं झाला. झोरान झायेव व अलेक्सिस त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या साक्षीनें करार होऊन देशाचें नांव ‘उत्तर मॅसिडोनिया’ ठरलें. या कराराचें सातवें कलम आम्हांला फार मोलाचें वाटतें. ‘मॅसिडोनिया’ या शब्दानें दोन्ही देश निरनिराळा इतिहास व निरनिराळा वारसा समजतात, हें त्यांत दोघांनींही मान्य केलें आहे. शब्द एक, अर्थ दोन, आणि दोन्ही अर्थांना जागा. भाषेचें नांव मॅसिडोनियनच राहिलें. ती दक्षिण स्लाव्ह गटांतली आहे, एवढें नमूद झालें. ३० सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतांत मत देणाऱ्यांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनीं होकार दिला, परंतु मतदानालाच सदतीस टक्क्यांच्या आसपास लोक आले; बाकीचे घरीं बसले. त्यांचें घरीं बसणें हेंही एक मतच होतें. तथापि संसदेंत १२० पैकीं ८१ मतांनीं घटनादुरुस्ती झाली, ग्रीक संसदेनें ३०० पैकीं १५३ मतांनीं करार मान्य केला, आणि १२ फेब्रुवारी २०१९ पासून नवें नांव अमलांत आलें.

नांव बदलणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रीय वाचकाला फारसें समजावून सांगावयास नको. आमच्या एका आत्याचें लग्न झालें तेव्हां तबकांत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनें तिचें नवें नांव लिहिलें गेलें, आणि माहेरचें नांव त्या तांदळांबरोबर मिटलें. पुढें तिच्या माहेरच्या नांवानें तिला हांक मारणारीं माणसें एकेक करून गेलीं. हा रिवाज चांगला कीं वाईट, याची चर्चा येथें करीत नाहीं; पण त्याचा एक क्रम आहे. वधू आधीं माप ओलांडून घरांत येते, आणि मग तिचें नांव बदलतें. या राष्ट्राच्या बाबतींत क्रम उलटा झाला. नांव आधीं बदलून घेतलें, आणि माप तसेंच उंबरठ्यावर राहिलें. २०१९ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे नांव बदलून वर्षही झालें नाहीं तोंच, फ्रान्सनें वाटाघाटींचा आरंभ अडविला; आधीं प्रवेशाची पद्धत सुधारावयास हवी, हें कारण. ती अडचण दूर झाल्यावर २०२० च्या नोव्हेंबरांत बल्गेरियानें हात वर केला.

बल्गेरियाची हरकत ग्रीसच्या हरकतीहून खोल जाणारी आहे. ग्रीस म्हणत होता, हें नांव आमचें आहे. बल्गेरियाचें म्हणणें असें कीं, तुमची भाषा ही आमच्याच भाषेचें एक रूप आहे, आणि १९४४ पर्यंत तुमचे पूर्वज हे आमचेच लोक होते. नवल हें कीं, १९९२ मध्यें या देशाच्या स्वातंत्र्याला सर्वांआधीं मान्यता देणारें राष्ट्र बल्गेरियाच होतें. राज्य मान्य, पण राष्ट्र आणि भाषा अमान्य, अशी ती भूमिका.

या वादांत गोत्से देल्चेव याचें नांव वरचेवर येतें. तुर्की अमलाविरुद्ध लढलेला हा क्रांतिकारक १८७२ मध्यें ज्या गांवीं जन्मला तें आज ग्रीसमध्यें आहे. तो ज्या श्टिप गांवीं शिक्षक होता तें आज उत्तर मॅसिडोनियांत आहे. १९०३ मध्यें तो मारला गेला ती जागाही आज ग्रीसमध्यें. त्याच्या अस्थि कांहीं काळ सोफियांत होत्या. १९४६ मध्यें त्या स्कोप्येला नेण्यांत आल्या. दोन्ही देश त्याला आपला म्हणतात, आणि त्याला कोणाचा म्हणून शिकवावें हें ठरविण्यासाठीं २०१७ च्या मैत्रीकरारान्वयें नेमलेले दोन्हीकडचे इतिहासकार बसत आले आहेत. तीच गोष्ट मिलादिनोव्ह बंधूंची. ओह्रिद सरोवराकांठच्या स्त्रूगा गांवच्या या भावांनीं लोकगीतें गोळा केलीं आणि १८६१ मध्यें झाग्रेब येथें छापलीं तीं ‘बल्गेरियन लोकगीतें’ म्हणून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोट ठेवावें तर सोफियाचा दावा खरा. ज्या घरांतून तीं गाणीं गायिलीं गेलीं तेथें उभें राहावें तर स्कोप्येचा दावा खरा. युगोस्लाव अमदानींत जे स्वतःला बल्गेरियन म्हणवीत त्यांना छळ सोसावा लागला, हें बल्गेरियाचें गाऱ्हाणेंही निराधार नाहीं. इतका भूतकाळ ज्यांच्या सामाईक मालकीचा आहे, त्यांच्यांत वाद होणारच. प्रश्न एवढाच कीं, त्या वादाचा निकाल प्रवेशाच्या दाराशीं, ज्याच्या हातीं कडी आहे त्यानें लावावा काय?

या प्रश्नाकडे आम्ही तिऱ्हाइताच्या अलिप्तपणानें पाहूं शकत नाहीं. आमचें घर मूळचें सावंतवाडीकडचें. घरांत जें बोललें जाई तें कागदावर उतरत नसे, आणि पत्रांत जें लिहिलें जाई तें घरांत कोणी बोलत नसे. वर जिचा उल्लेख केला ती आत्या गोव्यांत म्हापशास दिलेली. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें किंवा नाहीं यावर तेथें जनमतकौल झाला, तेव्हां आम्ही शाळकरी वयाचे होतों. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळें राहण्याची खूण दोन पानें. फुलाला १,३८,१७० मतें पडलीं आणि पानांना १,७२,१९१. त्या मे महिन्यांत आत्या माहेरीं आली असतां आमच्या ओटीवर या आंकड्यांवरून जे वाद झाले ते आम्हांला अजून आठवतात. कोंकणी ही मराठीची बोली आहे, हें सिद्ध करण्यासाठीं एक काका ज्ञानेश्वरीपर्यंत जात. दुसऱ्यांना कोंकणीचें वेगळेंपण मान्य होतें, पण त्यांना म्हणणें पुरें करूं दिलें जात नसे. ज्या भाषेविषयीं हें चाललें होतें ती बोलणारी आत्या मध्येंच कांहींतरी सांगूं लागे आणि कोणी ना कोणी तिला थांबवी. शेवटीं ती म्हणाली, ‘माझ्या बोलण्याला काय म्हणायचें तें तुम्ही खुशाल ठरवा, पण मी बोलत असतांना मध्यें बोलूं नका.’

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच मतदारांनीं दोन अडीच महिन्यांनीं विलीनीकरणवादी पक्षाच्या भाऊसाहेब बांदोडकरांनाच पुन्हां सत्तेवर बसविलें. लोकांची ओळख एका खुणेंत मावत नाहीं, याचें इतकें स्पष्ट उदाहरण क्वचित् सांपडेल. १९७५ मध्यें साहित्य अकादमीनें कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्यें ती गोव्याची राजभाषा झाली व त्याच वर्षीं ३० मे रोजीं गोवा घटक राज्य झालें, आणि १९९२ मध्यें ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत आली. मराठीचें त्यामुळें काय गेलें? गोव्यांत मराठी वृत्तपत्रें निघतात, देवळांत मराठी भजनें होतात, मराठी नाटकांना गर्दी लोटते. शेजारणीला आपलें नांव मिळालें म्हणून आपलें घर रिकामें होत नाहीं. जवळच्या दोन भाषांचें नातें नाकारण्याची गरज नाहीं. तें नातें कोणत्या शब्दानें सांगावें, हें मात्र एकट्या थोरलीनें ठरवूं नये. सोफियाचें म्हणणें वाचतांना आमच्या कानांत ओटीवरचे ते आवाज येतात, आणि त्यांतला विद्वत्तेचा स्वर ओळखीचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, संघ म्हणजे कांहीं नुसता बाजार नव्हे. त्याला आत्मा हवा, आणि आत्मा संस्कृतींतून येतो. तेव्हां सभासद होऊं पाहणाऱ्याची संस्कृति विचारली तर चुकलें कोठें? हा आक्षेप हलका नाहीं. आमचें उत्तर असें कीं, संस्कृति एकत्र राहिल्यानें निर्माण होते, ती प्रवेशपत्रिकेंत भरून द्यावयाची बाब नव्हे. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यांत १८७० ते १९४५ या काळांत तीन युद्धें झालीं. १९५७ मध्यें त्यांनीं एकमेकांना पूर्वजांचा हिशेब मागितला असता, तर रोमचा करार झालाच नसता. त्यांनीं पुढें कसें वागावयाचें तें ठरविलें. मागें कोण बरोबर होतें याचा निवाडा पाठ्यपुस्तकें लिहिणाऱ्यांवर सोडला, आणि तें काम सलोख्यानंतर सोपें झालें. माणूस आपल्या वागण्याची हमी देऊं शकतो. आपल्या आजोबांची हमी तो कशी देणार? ते त्याच्या हातचे नाहींत.

हाच निकष लावला तर बल्गेरियाच्या सर्वच मागण्या त्याज्य ठरत नाहींत. २०२२ मध्यें फ्रान्सच्या मध्यस्थीनें जी तोड निघाली, तींत उत्तर मॅसिडोनियानें आपल्या राज्यघटनेंत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करावा, अशी अट आहे. २०२१ च्या जनगणनेंत ३,५०४ लोकांनीं स्वतःची नोंद बल्गेरियन अशी केली होती. संख्या थोडी असली म्हणून हक्क थोडा होत नाहीं. अल्पसंख्यांशीं नीट वागा, ही मागणी कोपनहेगनच्या यादींत बसणारी आहे. परंतु तिच्याबरोबरच मैत्रीकराराची अंमलबजावणी, आणि म्हणून इतिहासकारांच्या त्या बैठकाही, वाटाघाटींच्या चौकटींत येऊन बसल्या. आणि मॅसिडोनियन भाषेच्या नांवापुढें बल्गेरियानें आपलें वेगळें निवेदन जोडलें. त्यामुळें योग्य मागणीलाही संशयाचा वास येऊं लागला. स्कोप्येच्या संसदेनें १६ जुलै २०२२ रोजीं ती तोड ६८ मतांनीं स्वीकारली खरी, पण रस्त्यावर लोक निषेधासाठीं उतरले होते, आणि २०२४ च्या निवडणुकींत जो पक्ष जिंकला तो ही घटनादुरुस्ती या अटींवर करावयास तयार नव्हता. ध्वज दिला, नांव दिलें, आतां आणखी काय, असें तेथील सामान्य माणूस विचारतो. त्या प्रश्नाला युरोपच्या राजधान्यांतून समाधानकारक उत्तर मिळालेलें आमच्या वाचनांत नाहीं.

या सगळ्याचा परिणाम कोणावर होतो, तें सांगून हा लेख पुरा करूं. बल्गेरिया २००७ पासून संघाचा सभासद आहे, आणि ज्यांचें मूळ बल्गेरियन आहे त्यांना तो आपलें नागरिकत्व देतो. तेव्हां स्कोप्ये, बितोला किंवा श्टिप येथील तरुणांपुढें एक वाट मोकळी राहते. ‘माझें मूळ बल्गेरियन आहे’ अशा मजकुराखालीं सही केली कीं, आज ना उद्यां हातीं संघाचें पारपत्र येतें आणि जर्मनींतली नोकरी आटोक्यांत येते. अशी सही हजारों लोकांनीं केली आहे. देशाचे एक माजी पंतप्रधानही त्यांत आहेत. त्यांतल्या कांहींना तें मनापासून खरें वाटत असेल. त्यांच्याविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. पण ज्याला तें खरें वाटत नाहीं आणि तरी घरांतल्या मिळकतीकडे पाहून जो सही करतो, त्याच्या मनाची कल्पना वाचकांनीं करावी. देश जें वाक्य बोलावयास तयार नाहीं म्हणून वर्षानुवर्षें बाहेर उभा आहे, तेंच वाक्य त्याचा मुलगा एका कागदावर लिहितो आणि बाजूच्या दारानें आंत जातो. संघाला एक कामसू तरुण मिळतो, बल्गेरियाला एक नागरिक मिळतो. ज्या गांवानें त्याला वाढविलें तेथें एक घर बंद होतें. संस्कृतीच्या रक्षणासाठीं म्हणून लावलेल्या कडीचा हा व्यवहार आहे. तो ज्यांना मान्य असेल त्यांनीं संस्कृतीचें नांव थोडें जपून घ्यावें, एवढीच आमची विनंती आहे.